‘पिशवी’ आणि अंतःस्तर : ऊसतोड महिलांच्या आरोग्यचर्चेची चिकित्सा

प्रस्तावना :
बारामती व इंदापूर तालुक्यांतील माळेगाव, सोमेश्वर, श्री छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा या कारखान्यांचा गळीत हंगाम स्थलांतरित ऊसतोड कामगारांवर उभा असतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. २०१६-१७ ते २०१८-१९ या काळात तेथील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे शासनाने सांगितले. मुकादमाची उचल व खाड्याचा दंड यांवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. त्या चर्चेच्या भाषेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
या चर्चेत गर्भाशयासाठी ‘पिशवी’ हा शब्द सर्रास येतो. पिशवी म्हणजे निर्जीव वस्तू. मुले झाली की तिचे काम संपले, हा अर्थ त्या शब्दातच दडलेला आहे. वास्तविक गर्भाशयाचा अंतःस्तर दरमहा नव्याने घडतो. इस्ट्रोजेनमुळे त्याच्या पेशी वाढतात. बीजोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉन पेशींतील ग्राहींना जोडले जाते, जनुकांचे कार्य बदलते, वाढ रोखते व ग्रंथींना स्रावक्षम करते. त्याची पातळी घसरताच अस्तर गळून पाळी येते. बीजोत्सर्गच न झाल्यास हा अंकुश सुटतो आणि अंगावरून अनियमित, जास्त जाऊ लागते.

अशा वेळी नॉरएथिस्टेरॉनसारखी प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे हा अंकुश परत आणू शकतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल सोडणारे साधन गर्भाशयात बसविल्यास ग्रंथी क्षीण होतात, अस्तर पातळ होते व रक्तस्राव घटतो. साधन काढल्यावर अस्तर पूर्ववत होऊ शकते. काढलेले गर्भाशय मात्र परत येत नाही.

अर्थात, ही औषधे सर्व तक्रारींवर उपाय नव्हेत. अंगावरून पांढरे जाण्यामागे अनेकदा जंतुसंसर्ग असतो. तेथे त्यावरील उपचारच हवेत. कर्करोगाची शंका असल्यास आधी तपासणी अनिवार्य ठरते. काही आजारांत शस्त्रक्रियाच योग्य असते. शिवाय फडात पाणी, शौचालय व पगारी सुट्टी नसेल, तर महिनोन्महिने चालणारा उपचार कागदावरच राहील.

निष्कर्ष :
शस्त्रक्रियांची मोजदाद आवश्यकच आहे. परंतु तेवढ्याने स्त्रीच्या हाती निर्णय येत नाही. आपल्या शरीरात काय घडते व कोणते पर्याय आहेत, हे तिच्या बोलीत सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही केवळ अंगठ्याचा ठसा होय. संप्रेरकांचे ज्ञान पाठ्यपुस्तकातून फडापर्यंत नेणे, हे म्हणूनच मराठी आरोग्यलेखनाचे कर्तव्य ठरते.