नवख्या डॉक्टरचे अनामिक गुरू : बुल्गाकोव्हच्या वैद्यकीय कथांचा एक विचार

पदवी मिळणे आणि काम येणे यांतील अंतर रुग्णसेवेच्या सर्वच व्यवसायांना छळत आले आहे. भारतात एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला पक्की नोंदणी मिळण्यापूर्वी एक वर्ष निरनिराळ्या विभागांत आंतरवासिता करावी लागते. ब्रिटनमध्ये मणके आणि सांधे हातांनी हाताळून उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टर या व्यावसायिकांसाठी रॉयल कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टर्स ही संस्था अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नोंदणीपश्चात प्रशिक्षण चालविते. व्यवसाय वेगळे आणि देश वेगळे असले, तरी या योजनांमागील गृहीत एकच आहे : पदवीनंतरच्या पहिल्या वर्षी नवख्याच्या शेजारी कोणी जाणता माणूस असला पाहिजे. असा माणूस नसेल तर काय घडते, याचा सर्वांत प्रामाणिक वाङ्मयीन दस्तऐवज रशियन लेखक मिखाईल बुल्गाकोव्ह (१८९१-१९४०) यांच्या वैद्यकीय कथांत सापडतो.

बुल्गाकोव्ह १९१६ साली कीव्ह विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये स्मोलेन्स्क प्रांतातील निकोल्स्कोये या खेड्यातील रुग्णालयावर त्यांची नेमणूक झाली. तेथील सुमारे एका वर्षाच्या अनुभवावर त्यांनी पुढे कथा लिहिल्या. त्या १९२५ ते १९२७ या काळात नियतकालिकांतून, मुख्यतः वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या एका पत्रातून, प्रसिद्ध झाल्या. ‘एका तरुण डॉक्टरची टिपणे’ या नावाने त्यांचे पुस्तक निघाले ते लेखकाच्या निधनानंतर, १९६३ मध्ये. भारतीय वाचक बुल्गाकोव्हना ओळखतो तो बहुधा ‘द मास्टर अँड मार्गारीटा’ या कादंबरीमुळे. या कथा तिच्या छायेत राहिल्या. ज्यांनी त्या वाचल्या त्यांनीही त्यांचा अर्थ बव्हंशी एकाच दिशेने लावला : हिमवादळाने वेढलेले रुग्णालय, एकाकी तरुण आणि संकटातून तावून सुलाखून निघणारे त्याचे कर्तृत्व. हे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कथा बारकाईने वाचल्या तर हा डॉक्टर एकाकी नव्हता, असे दिसते. त्याला गुरू होते. ते त्याच्या हाताखाली काम करीत असल्यामुळे त्यांना गुरू म्हणण्याची सोय त्याला नव्हती.

‘कोंबड्याचे चित्र असलेला टॉवेल’ या कथेत निवेदक रुग्णालयात येऊन पोहोचतो तेव्हा त्याला पदवी घेऊन अठ्ठेचाळीस दिवस झालेले असतात. पदवी विशेष गुणवत्तेसह मिळाली आहे. परंतु हर्नियाचा रुग्ण आला तर काय करायचे, या विचारानेच त्याची झोप उडते. आपण रशियाच्या इतिहासातील तोतया राजपुत्र दिमित्रीसारखे आहोत, असे त्याला वाटते. त्याच्यापूर्वी येथे लिओपोल्ड लिओपोल्डोविच हे अनुभवी डॉक्टर होते. ते स्वतः कथेत कोठेच येत नाहीत. येतात ती त्यांनी मागे ठेवलेली चकचकीत हत्यारे, त्यांचा ग्रंथसंग्रह आणि कर्मचाऱ्यांच्या तोंडी वारंवार येणारे त्यांचे नाव. त्या नावाशी होणाऱ्या तुलनेचे दडपण तरुण डॉक्टरच्या प्रत्येक हालचालीवर आहे.

पहिल्याच कथेत जवसाच्या काड्या कुटून तंतू काढणाऱ्या यंत्रात सापडलेली एक मुलगी आणली जाते. देमियान लुकिच हा फेल्डशर, म्हणजे डॉक्टर आणि परिचारक यांच्या मधल्या दर्जाचा वैद्यकीय सहायक, तेथे असतो; सुईण डॉक्टरला हळूच सुचविते की, ती आता जाणारच आहे, तिला आणखी छळू नये. डॉक्टरच्याही मनात, तिने टेबलावर येण्यापूर्वीच प्राण सोडावा, अशी भेकड इच्छा येऊन जाते. तरीही तो तिचा पाय मांडीपासून कापतो आणि ती जगते. शस्त्रक्रियेनंतर अॅना निकोलायेव्हना ही सुईण त्याची लिओपोल्डशी तुलना करते आणि विचारते, ‘डॉक्टर, आपण अशा पुष्कळ केल्या असतील?’ तो चाचरत सांगतो की दोनच केल्या. खरे तर ही त्याची पहिलीच. आपण खोटे का बोललो, हे पुढेही त्याला उमगत नाही.

हे खोटे बोलणे सर्व कथांच्या मुळाशी आहे. नवख्याला भीती असते ती रुग्णाच्या मृत्यूइतकीच आपले अज्ञान उघडे पडण्याची. ज्याच्यापुढे ते उघडे करता येईल असा वरिष्ठ नसेल, तर ते झाकण्यातच त्याची शक्ती खर्च होते. ‘पाय धरून फिरविणे’ या प्रसूतीविषयक कथेत हा पेच सर्वाधिक स्पष्ट होतो. मूल आडवे आले आहे. त्याचा पाय धरून त्याला गर्भाशयात फिरवायला हवे. डॉक्टर सिगारेटी आणायच्या निमित्ताने स्वतःच्या खोलीत धाव घेतो आणि ड्योडरलाइन यांचा प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथ घाईघाईने चाळतो. वाक्ये एकमेकांत गुंततात. मनात उरतात ते फक्त धोक्याचे इशारे. परत येऊन तो हात धुऊ लागतो आणि अॅना निकोलायेव्हना त्याला सांगू लागते की, आधीचे डॉक्टर हे कसे करीत. तो एकही शब्द निसटू न देता ऐकतो. त्या दहा मिनिटांनी त्याला जे दिले ते परीक्षेसाठी वाचलेल्या सगळ्या प्रसूतिशास्त्राने दिले नव्हते, आणि त्याच विषयात त्याला सर्वोत्तम शेरा मिळालेला होता!

या दहा मिनिटांची रचना अभ्यासण्यासारखी आहे. सुईण डॉक्टरला शिकवीत नाही. ती एका गैरहजर डॉक्टरची गोष्ट सांगते. ‘असे करा’ म्हणण्याचा तिला अधिकार नाही, म्हणून ती ‘ते असे करीत’ म्हणते. डॉक्टरही विचारीत नाही. तो हात धूत राहतो. अशा रीतीने दोघांचाही मान राखून ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जाते. अधिकाराच्या उतरंडीत खालच्या पायरीवरून वर जाणारे ज्ञान नेहमी असे वेषांतर करूनच जाते, आणि महाविद्यालयातील कोणत्याही जुन्या प्रयोगशाळा सहायकाला हे सांगावे लागणार नाही.

मूल फिरते, माताही वाचते. रात्री डॉक्टर पुन्हा तोच ग्रंथ उघडतो, आणि संध्याकाळी अंधारलेली पाने आता लख्ख उजळलेली असतात. येथे बुल्गाकोव्ह पुस्तकी ज्ञानाची खिल्ली उडवीत नाहीत, हे महत्त्वाचे आहे. अनुभवाचा गौरव करणारे लेखन बहुधा ग्रंथाला कमी लेखते. ही कथा दोहोंचा क्रम दाखविते. ग्रंथ आधी वाचून अपुरा पडला, मग तोंडी सांगणे झाले, मग हात चालले आणि त्यानंतर ग्रंथ कळला. देखरेखीखालील प्रशिक्षणाचे यापेक्षा नेमके समर्थन शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही क्वचितच मिळेल.

‘पोलादी श्वासनलिका’ ही कथा याच अनुभवाचा अधिक नाट्यमय आविष्कार आहे. घटसर्पाने गुदमरणाऱ्या लहान मुलीची श्वासनलिका छेदून तीत नळी बसवायची असते. ऐन शस्त्रक्रियेत आकडा धरून उभा असलेला फेल्डशरच भोवळ येऊन कोसळतो. कथा थरारक आहे, आणि थोडी स्वतःच्या थरारावर भाळलेलीही आहे. यशाची वार्ता गावोगाव पसरते, रुग्णांची रीघ लागते; पण नळी दुसरीकडे घुसली असती तर, या प्रश्नाकडे कथा पाहत नाही. याबाबतीत व्हिकेंती व्हेरेसाएव्ह अधिक कठोर होते. स्वतः डॉक्टर असलेल्या या लेखकाने १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डॉक्टरची टिपणे’ या पुस्तकात आपल्या अननुभवामुळे रुग्णांना झालेल्या इजेची कबुली दिली आणि विचारले की, प्रत्येक शल्यविशारदाची पहिली शस्त्रक्रिया कोणावर तरी व्हायचीच, तो ‘कोणी’ कोण असावा? पुस्तकाने रशियन वैद्यकविश्वात मोठे वादळ उठविले. बुल्गाकोव्हच्या मुख्य कथांत शिकण्याची किंमत चुकविणारा शेतकरी दिसतो, पण बोलतो कमी. त्याचे अज्ञान विनोदाचा विषय होते. ही या कथांची खरी मर्यादा आहे. ‘हरवलेला डोळा’ या कथेने तिची काहीशी भरपाई केली आहे. वर्षअखेरीस डॉक्टर अभिमानाने हिशेब मांडतो : १५,६१३ रुग्ण तपासले, २०० दाखल केले, मृत्यू फक्त सहा. लगेच एक बाई डोळ्याच्या जागी मोठी गाठ असलेले मूल घेऊन येते. डॉक्टर गाठ कापायला निघतो, आई नकार देऊन निघून जाते आणि आठवड्याने तेच मूल शाबूत डोळ्यासह परत आणते. पापणीवरचे गळू आपोआप फुटलेले असते. वर्षभराच्या आकडेवारीचा गर्व एका अडाणी बाईच्या नकाराने उतरतो. एका अर्थी तीही त्याची गुरूच ठरते.

‘हिमवादळ’ या कथेतील एक तपशील सहज नजरेतून सुटतो. शेजारच्या केंद्रावरील तरुण डॉक्टर मदतीसाठी चिठ्ठी पाठवितो. तीत ‘विनवितो’ हा शब्द अर्धवट लिहून खोडला आहे आणि ‘आग्रहाची विनंती’ असे सभ्य शब्द घातले आहेत. दोन नवखे मैलोगणती बर्फातून एकमेकांचा आधार शोधतात, पण चिठ्ठीतसुद्धा पदाची प्रतिष्ठा सांभाळतात.

या खोडलेल्या शब्दाचा भयंकर विस्तार म्हणजे १९२७ मधील ‘मॉर्फिन’. येथे डॉक्टर बोमगार्ड खेड्यातून तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयात गेला आहे. तेथे प्रत्येक विभागाला स्वतंत्र डॉक्टर आहे आणि सगळा भार आपल्या एकट्यावर नाही, या जाणिवेने तो प्रथमच शांत झोपतो. त्याच्या जुन्या, एकाकी जागेवर गेलेला पोल्याकोव्ह हा डॉक्टर त्याला मदतीची याचना करणारे पत्र लिहितो. बोमगार्ड सकाळी निघायचे ठरवितो. त्याआधीच पोल्याकोव्हला मरणासन्न अवस्थेत आणले जाते; त्याने स्वतःवर गोळी झाडलेली असते. मागे उरते ती मॉर्फिनच्या व्यसनाची रोजनिशी. बुल्गाकोव्ह स्वतः १९१७ मध्ये या व्यसनात सापडले होते आणि त्यातून बाहेर आले, हे येथे विसरता येत नाही.

एकाकीपणाच माणसाला घडवितो, असे मानणाऱ्यांनी ही कथा आधीच्या कथांशेजारी ठेवून वाचावी. पोल्याकोव्हजवळही अनुभवी आणि माया करणारी अॅना किरिलोव्हना ही परिचारिका आहे. काय घडत आहे ते तिला कळते. ती रडते, विनविते, आणि तरीही औषधाचे द्रावण तयार करून देते. आधीच्या कथांतील सुईण डॉक्टरला मूल कसे फिरवावे हे आडवळणाने सांगू शकली, पण अशा रीतीने डॉक्टरला थांबविता येत नाही. थांबविण्यासाठी बरोबरीचा किंवा वरचा माणूस लागतो. हाताखालच्या माणसांकडून मिळणारे मार्गदर्शन कितीही मोलाचे असले, तरी त्याची सीमा येथे येते.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र परके वाटू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला पदवीधर बंधपत्रित सेवेसाठी आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रावर जातो तेव्हा तेथील परिचारिकेला परिसर, रोग आणि माणसे त्याच्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. १९७३ मध्ये सुरू झालेल्या हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाचा वृत्तान्त डॉ. प्रकाश आमटे यांनी ‘प्रकाशवाटा’त मांडला आहे. तेथे विशेषज्ञ नसताना कराव्या लागलेल्या उपचारांच्या वेळी डॉ. मंदाकिनी आमटे, म्हणजे बरोबरीची डॉक्टर, शेजारी होती. बुल्गाकोव्हच्या नायकाला नेमके तेच लाभले नव्हते. आंतरवासितेच्या नियमांत वरिष्ठ डॉक्टरची देखरेख असते. परंतु परिचारिकेला नवख्या डॉक्टरशी थेट, गोष्टीचा आडपडदा न घेता बोलता यावे, अशी तरतूद कोणत्या नियमाने होणार?

‘मॉर्फिन’च्या शेवटी बोमगार्ड ती रोजनिशी छापायला देतो. रोजनिशी लिहिणारा आता नाही. अॅना किरिलोव्हनाही १९२२ मध्ये, ती काम करीत होती त्याच केंद्रावर, टायफसने वारली, एवढी एका वाक्याची नोंद तो तिच्याविषयी करतो.