डिस्कचे नाव आणि नावाचा आधार

युनिक्सच्या परंपरेत उपकरणालाही फाइलीसारखे नाव असते. लिनक्समध्ये पहिली डिस्क ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’. ही वरकरणी विशेषनामे वाटतात. वस्तुतः ती क्रमवाचके होत. संगणक सुरू होताना जी डिस्क आधी आढळेल ती ‘ए’. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक व कोऱ्हाळे खुर्द ही नावेही परस्परसापेक्षच आहेत. परंतु तेथील थोरला-धाकटा हा भेद रूढीने कायम केला आहे. ‘एसडीए’ कोण, हे मात्र दर वेळी नव्याने ठरते.

या अस्थैर्यावर २००३ मध्ये पुढे आलेल्या ‘यूडेव्ह’ने पर्यायनामांचा उपाय योजला. एकाच डिस्ककडे निर्देश करणारी ही नावे समानार्थी मानली जातात. ते मत चिंत्य आहे. ‘बाय-पाथ’ हे नाव जोडणीच्या जागेला बांधलेले असते, ‘बाय-आयडी’ उपकरणाच्या अनुक्रमांकाला, ‘बाय-यूयूआयडी’ आतील फाइलव्यवस्थेला, आणि ‘बाय-लेबल’ माणसाने दिलेल्या संज्ञेला. निर्देश्य एक असले तरी आधार चार आहेत.

हा भेद इंदापूर तालुक्यातील पळसदेवच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात जुने गाव बुडाले. लोक वर येऊन वसले व नावही त्यांच्याबरोबर आले. पाणी ओसरले की जुन्या मंदिराचे दर्शन घडते. तेव्हा पळसदेव कोणते? जागेला नाव मानणारा पाण्याकडे बोट दाखवील, वस्तीला मानणारा नव्या गावाकडे. डिस्क एका यंत्रातून काढून दुसऱ्यात बसविली की नेमका हाच प्रश्न उपस्थित होतो.

म्हणूनच यूयूआयडीला सरसकट ‘कायमचे नाव’ म्हणणे सदोष आहे. डिस्कची तंतोतंत प्रत काढल्यास दोन वस्तूंना एकच नाव राहते. ती नव्याने फॉरमॅट केल्यास वस्तू तीच राहून नाव बदलते. ही चर्चा केवळ तात्त्विक नव्हे. बोलीसर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणे असलेली डिस्क काल ‘एसडीबी’ होती व आज ‘एसडीसी’ झाली, तर कालच्या नावाने दिलेली पुसण्याची आज्ञा भलत्याच डिस्कवर चालते. आणि दिवंगत निवेदकाचा आवाज पुन्हा मुद्रित करता येत नाही.

तात्पर्य, फाइलव्यवस्था जोडताना यूयूआयडी किंवा लेबल, आणि उपकरणच पुसावयाचे असता बाय-आयडी वापरणे युक्त. नाव किती टिकाऊ आहे, यापेक्षा ते कशाला बांधलेले आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.