देवयानीचा युक्तिवाद

देवयानी मला पहिल्यांदा भेटली ती वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त, आणि भेटताक्षणीच नावडती झाली. गर्विष्ठ, हट्टी, मत्सरी. पुढे महाभारताच्या आदिपर्वातले मूळ उपाख्यान वाचले, तेव्हा प्रश्न पडला : ही तीच का? राग तिथेही आहे, अहंकारही आहे. पण तिथली देवयानी रागाइतकाच युक्तिवादही करते.

गुरूची कन्या म्हणून तू मला पूज्य, असे कच म्हणतो. ती नात्याचा हिशेब मांडून ते खोडून काढते. विहिरीतून काढताना ययातीने आपला उजवा हात धरला, तेव्हा हे पाणिग्रहणच झाले, असे ती पुढे त्याला सुनावते. ब्राह्मणकन्येशी विवाह करायला राजा कचरतो, तर ती पित्याला बोलावून त्याची संमती मिळवते. शर्मिष्ठेला पुत्र झाल्याचे कळते तेव्हाही आधी चौकशी करते : पिता कोण, त्याचे गोत्र कोणते?

आणि शर्मिष्ठा? तीही कमी नाही. सखीचा पती तो आपलाही पती, आणि काही प्रसंगी असत्य बोलण्यात पाप नाही, असे शास्त्र ती ययातीपुढे ठेवते. महाभारतात या दोघी एकमेकींना तोडीस तोड अशा वादपटू आहेत.

1913 मध्ये कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘संगीत विद्याहरण’मध्ये देवयानी रंगभूमीवर आली. बालगंधर्वांची देवयानी म्हणजे गाणारी प्रणयिनी. नाटकाचा नैतिक भार शुक्राचार्यांच्या मद्यपानावर आहे. देवयानीच्या वाट्याला आले ते मुख्यतः प्रेम.

1959 च्या ‘ययाति’त खांडेकरांनी तिला निवेदन दिले, ही मोठीच गोष्ट. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने ‘मी’ म्हणून बोलतात. पण या ‘मी’चे काम बदलले आहे. आता ती बाजू मांडत नाही, मन उघड करते. तिचा अहंकार आणि दुखावलेपण आपल्याला आतून दिसते, आणि म्हणूनच तिची मागणी रास्त होती की नाही, हा प्रश्न मागे पडतो. समोर शर्मिष्ठा निरपेक्ष प्रेमाची मूर्ती होते. दोन वादपटूंचे दोन स्वभाव झाले. वाचकाने निवाडा करायचा नाही, एक स्वभाव आवडून घ्यायचा. मीही तेच केले होते. 1966 मध्ये वि. वा. शिरवाडकरांनी नाटकाच्या शीर्षकातच ‘ययाति आणि देवयानी’ अशी तिला जागा दिली. तोवर वाचकांच्या मनातली मानिनी मात्र पक्की झाली होती.

मूळ देवयानी आदर्श होती, असे मला म्हणायचे नाही. विहिरीत ढकलल्याची भरपाई म्हणून तिने एका राजकन्येला दासी केले. हा न्याय क्रूरच आहे. पण क्रूर न्यायावर वाद घालता येतो. स्वभावावर काय वाद घालणार? शर्मिष्ठेला शय्येवर बोलावू नकोस, अशी शुक्राचार्यांची स्पष्ट आज्ञा होती. ती ययातीने मोडली. जरेचा शाप आला तो त्यामुळे, देवयानीच्या कडवटपणामुळे नव्हे. आजही ययातीची गोष्ट सांगताना ‘बायकोच तशी होती’ असा सूर सहज लागतो. तो सूर आदिपर्वाचा नाही. तो आपण नंतर लावला आहे, आणि तो लावणाऱ्यांत अनेक वर्षे मीही होतो.