घाटातल्या पोरांचा एरांगेल

विमान बेटावरून सरळ रेषेत निघतं आणि आतल्या शंभर जणांपुढे एकच प्रश्न असतो : उडी कुठे मारायची? खेळ काही सुचवत नाही. तुमचं नाव काय, वैर कोणाशी, राज्य कोणाचं बुडालं, यातलं काही नाही. खाली आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद जमीन पसरलेली : पडीक घरं, गव्हाळ शेतं, ओसाड शाळा, टेकड्या, दक्षिणेला दोन पुलांनी जोडलेलं लष्करी तळाचं वेगळं बेट. या अर्ध्या मिनिटातच खेळाची जात कळते. इथे कथा नकाशाला आहे, माणसांना नाही.

नकाशाचं नाव एरांगेल. पबजीची कल्पना ज्या ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाची, त्याने हे नाव आपल्या लेकीच्या एरिन या नावावरून बेतलं. गावांची नावं रशियन वळणाची आहेत. पोचिंकी, रोझोक, यास्नाया पोलियाना. तीच महाडच्या पोरांच्या तोंडी इतकी घोळली आहेत की 'पोचिंकीला उतर' हे वाक्य 'पाचाडला उतर' इतकंच सहज येतं. आपल्याकडे चालतो तो बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय. पण नाव बदलून इतकी वर्षं झाली तरी महाड-पोलादपूरकडे त्याला पबजीच म्हणतात.

या पट्ट्यात हा खेळ क्लासवरून सुटलेली पोरं खेळतात, एमआयडीसीतली शिफ्ट संपवून आलेले खेळतात, आणि गणपतीत तर मुंबईचे चाकरमानी नि गावची चुलत-मावस भावंडं एकाच ओटीवर चौघांचं स्क्वॉड मांडून बसतात. आत आरती झालेली असते, मोदकांचं ताट फिरत असतं, आणि ओटीवरून 'मेलो रे, वाचव, वाचव!' असा आक्रोश उठतो. नवी सून दचकते, बाकीचे ढिम्म. या पोरांना काय भावतं आणि काय खटकतं हे मी बरंच ऐकलं आहे. त्यांना समीक्षक कोणी म्हणणार नाही, पण त्यांच्या कुरकुरीतून एक पक्की कसोटी दिसते. जिथे जमिनीला किंमत आहे तिथे ती रमतात, आणि जमिनीची किंमत जी गोष्ट घालवते तिच्यावर ती चिडतात.

सुरुवात लुटीपासून करू. उतरल्यावर हातात काहीच नसतं. घराघरांत शिरून बंदुका, गोळ्या, हेल्मेट, मलमपट्टी गोळा करायची. कुठे काय मिळेल याचा नेम नाही. एका घरात एम४१६ आणि चार पट दाखवणारी दुर्बीण, तर पुढच्या तीन घरांत नुसता तवा. हो, तवा. पोळीचा नव्हे, तळणीचा लांब दांड्याचा. कमरेला मागे अडकवला की पाठीवर आलेली गोळी त्यावर आपटून ठणकन परत जाते. सगळ्या खेळात विनोद म्हणावा अशी ही एकच जागा, आणि तीही काही न बोलता केलेली. नव्या खेळाडूला हे कोणी समजावत नाही. तो एकदा वाचतो आणि मग तव्याला सोडत नाही.

यानंतर येतो तो टप्पा बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो, मला मात्र खेळाचा गाभा तोच वाटतो. निम्मी माणसं पहिल्या काही मिनिटांत संपलेली असतात. उरलेली पसरलेली. कित्येकदा पाच-पाच मिनिटं कोणी दिसत नाही. गवत, वारा, लांब कुठेतरी सुटलेली एक गोळी. हेडफोनमध्ये डावीकडून पावलं वाजतात की उजवीकडून, लाकडी जिन्यावर की मातीत, हे कान ठरवतो. डोळ्यांआधी कानाने खेळायचा हा भाग आहे, आणि पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पोलादपूरच्या घरात बसून तो खेळणं ही शिक्षाच. तरुण पोरांचा कल अलीकडे लिव्हिककडे आहे. दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा नकाशा, बावन्न खेळाडू, पंधरा मिनिटांत निकाल. लाईट जायच्या आत डाव उरकतो, हा व्यवहारी मुद्दा मला मान्य. पण लिव्हिकमध्ये धाकधूक साठायलाच वेळ मिळत नाही. एरांगेलच्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं वाट पाहण्यात जातात म्हणूनच शेवटची पाच मिनिटं छातीत वाजतात.

आता सर्कल. निळी कड आतआत सरकत येते. तिच्या बाहेर राहिलात तर जीव झिजत जातो, आणि खेळ पुढे सरकेल तसा झपाट्याने झिजतो. या एका नियमाने शंभर अनोळखी माणसं एका माळावर आणून सोडली जातात. युक्ती इतकी साधी आहे की तिचं कौतुक करायचं राहून जातं. इथपासून बंदुकीपेक्षा जमीन मोठी होते. वर्तुळ कुठल्या टेकडीवर मिटणार, तिची सोंड कुठून उतरते, खोलगट कुठे आहे, कोणत्या दगडाआड एक माणूस मावेल आणि कोणत्या दगडाआड दोन, हे वाचता आलं पाहिजे. धारेवर उभा राहिलास की आभाळावर तुझी आकृती उमटते, हे इथल्या पोराला सांगावं लागत नाही. कशेडीच्या वळणांवर, आंबेनळीच्या चढावर, उमरठच्या बाजूच्या डोंगरात त्याने गुरं किंवा माणसं अशीच लांबून हेरलेली असतात. धारेवर न चढता तिच्या अलीकडून, पोटातून सरकायचं. खालच्या माणसापेक्षा वरच्याला जास्त दिसतं. खिंड ज्याच्या हाती त्याला घाई नसते. हे सगळं एरांगेल बोलून दाखवत नाही, हरवून शिकवतो.

दक्षिणेच्या बेटावरचे दोन पूल हा या शिकवणीतला सर्वांत कठोर धडा. लष्करी तळावर माल भरपूर, म्हणून लोक तिकडे धावतात. मग सर्कल उत्तरेला पडतं आणि परतीची वाट पुलावरूनच. पुलाच्या तोंडाशी आडव्या लावलेल्या गाड्यांमागे कोणी तरी दबा धरून बसलेलं असतं. दुसरा मार्ग पोहण्याचा, आणि पाण्यातल्या माणसाला बंदूक चालवता येत नाही. काठावरच्याने फक्त डोकं वर यायची वाट पाहायची. पोरांना शेवटची वर्तुळं पाण्याकडे सरकलेली अजिबात आवडत नाहीत. महाडकराला पाण्यापुढे हतबल होणं काय असतं हे खेळाने शिकवायला नको. २०२१ च्या जुलैत, हा खेळ बीजीएमआय म्हणून परत आल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा सावित्री नदी गावात शिरली होती. पण माझ्या मते पाण्याविषयीची त्यांची तक्रार अन्यायाची आहे. पाणी हीही जमीनच, फक्त आडोसा नसलेली.

त्यांच्या बाकीच्या तक्रारी मात्र रास्त आहेत. पहिली हॅकरची. भिंतीपलीकडचा माणूस ज्याला दिसतो त्याच्यापुढे दगडाला, गवताला, धारेला अर्थ उरत नाही. इथे राग हरण्याचा नसतो. अर्धा तास डोकं लढवून जागा पकडली आणि ती जागाच खोटी ठरली, याचा असतो. दुसरी बॉटची. खेळाने माणसांच्या गर्दीत सोडलेले हे यंत्रातले भिडू उघड्यावर उभे राहून नेम धरतात. त्यांना मारून आकडा वाढतो, मजा येत नाही. तिसरी तक्रार खास आपल्याकडची : पिंग. घाटाच्या पोटातल्या वाडीत नेटवर्क दोन काड्यांवर आलं की तुम्ही दगडाआड पोहोचलेले असता, पण खेळाच्या हिशेबी अजून उघड्यावरच असता. फोन तापतो, चित्र अडखळतं. ज्यांच्याकडे साधे फोन होते ती पोरं या कारणाने फ्री फायरकडे वळली होती. पन्नास भिडू, दहा मिनिटांचा डाव, हलका खेळ. त्यावर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंदी आली. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला, बीजीएमआय अॅपच्या दुकानांतून काढलं गेलं २८ जुलै २०२२ ला, परत आलं मे २०२३ मध्ये. सरकारी आदेशांच्या या तारखा पोरांना बोर्डाच्या वेळापत्रकापेक्षा पक्क्या पाठ आहेत. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, तिच्यावर मात्र कोणी तक्रार करताना मी ऐकलं नाही; बहुधा ताईचा फोन असतो म्हणून.

चौथी तक्रार बाजाराची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुळातला एरांगेल गंभीर, मळकट, ओसाड आहे; त्याच्या रंगातच भीती आहे. त्यावर दर काही महिन्यांनी नवा उत्सव चढवला जातो. कधी हवेत तरंगती बेटं, कधी यंत्रमानव, २०२३ च्या जुलैत तर ड्रॅगन बॉलची पात्रं आली आणि माणसं उडू लागली. उडणाऱ्याला खिंड कसली अडवणार? भरीला पैसे मोजून घेतलेले झगमगते पोशाख. गवतात लपायच्या खेळात सोनेरी पंख लावून हिंडणारा माणूस हा रसभंगाचा इतका शुद्ध नमुना आहे की जुन्या साहित्यशास्त्र्यांनी उदाहरणासाठी जपून ठेवला असता. पेट्या उघडून पोशाख मिळवायच्या सोडतीत घरचे पैसे उडाल्याच्या गोष्टी इकडेही ऐकू येतात, त्या वेगळ्याच दुःखाच्या.

याच तराजूत आपल्याकडचा एक खेळ घालून पाहण्याजोगा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळाच्या नामांकनांपर्यंत पोहोचला. सर्कशीतली मुलगी राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, हातात देवीचं त्रिशूळ. राजस्थानी वळणाच्या कमानी, सज्जे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारे रंग, मधल्या कथेला छायाबाहुल्यांची चाल. देखणेपणात एरांगेल त्याच्या आसपासही येत नाही. राजी खांबाला गिरकी घालून दुसऱ्या सज्ज्यावर झेपावते तेव्हा तिच्या अंगातली कसरत तिच्या सर्कशीच्या पोटापाण्याशी जुळते. चाल आणि चरित्र एक होणं म्हणतात ते हेच. फिरती मंडलं जुळवून भूतकाळाची चित्रं उलगडण्याची कोडीही सुंदर, थोडी सोपी.

तरीही खेळून उठल्यावर हात रिकामे राहतात. कॅमेरा खेळानेच धरून ठेवलेला, वाट एकच, कड्यावर चढायचं ते त्याच कडेने. देवी आणि विष्णू वरून सतत बोलत असतात. जे डोळ्यांना दिसलं ते कानांना पुन्हा सांगतात. लढाईत असुर चहूबाजूंनी येतात तेव्हा त्या सुंदर अंगणाचा उपयोग खांबा-भिंतींवरून झेपावून वार करण्यापुरता, कुठला खांब आडोशाला घ्यावा असा विचारही करायची गरज नाही. आणि पाच-सहा तासांत गोष्ट अशी तुटते की पुढचं पान फाटलं असावं. तिथली भूमी पाहायची आहे, वाचायची नाही. एकाच खेळात दोन्ही मिळणं अवघड असतं हे खरं, पण अशक्य नाही.

पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ च्या ऑक्टोबरात 'इंडस' हा देशी बनावटीचा लढाईचा खेळ आणला. त्यात पुराणं आणि भविष्यकाळ यांची मिसळ करून एक कल्पित जग उभारलं. मेहनत दिसते. पण आपल्याकडच्या निर्मात्यांना देशीपण म्हटलं की मंदिराचा कळस, देवाचं शस्त्र आणि सोनेरी किनार आठवते. डोंगर आठवत नाही. वास्तविक १६५९ च्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली जे घडलं त्याचं अर्धं श्रेय जावळीच्या रानाला, निमुळत्या वाटांना आणि कोण कुठल्या धारेआड थांबलं आहे याला आहे. मोठी फौज उघड्यावरून खोलगटात आणायची आणि वाटा बंद करायच्या, हे सर्कलच की.

म्हणून खेळ करणाऱ्यांना विनंती आहे. एकदा पोलादपूरहून आंबेनळीने वर या, पावसात या, धुक्यात समोरचं वळण दिसेनासं होऊ द्या. सावित्रीचं पात्र, रानातली करवंदीची जाळी, माची, बुरूज, निसरडी पाऊलवाट, ओढ्याच्या आवाजात बुडणारी पावलं, एवढं नकाशात आणा. देव नकोत, पंख नकोत, वर बसून समजावणारा आवाज नको. आणि तो साध्या फोनवर, दोन काड्यांच्या नेटवर्कवर चालू द्या. खेळून कसा झालाय ते सांगायला इथली पोरं तयार आहेत.