हाताला लागलेली पुस्तकं

परीक्षणं लिहिणारे आधी खण पाडतात. कादंबरी इकडं, कविता तिकडं. माझ्याकडं खण नाहीत. पाळी सुटली की हाताला लागेल ते वाचतो. वाचनालयातलं, रद्दीतलं, उसनं. म्हणून इथं साने गुरुजी आणि नामदेव ढसाळ एका पंगतीला बसतील. बसू द्या.

'श्यामची आई'वर (१९३५) सगळा महाराष्ट्र रडला. मीही रडलो, खोटं कशाला बोला. पण त्यातली ती म्हातारी महारीण आठवा. मोळी पडलेली, उचलून द्यायला कुणी पुढं येईना. आई श्यामला सांगते, जा, मोळी दे तिच्या डोक्यावर आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणात बामणाच्या बाईनं एवढं सांगणं मोठंच. गुरुजींच्या मनाबद्दल तर शंकाच नको. पंढरपूरचं देऊळ उघडावं म्हणून १९४७ साली ते उपाशी बसले. पण पोरगं न्हायला गेलं तेव्हा म्हातारी कुठं गेली? पुस्तक श्यामबरोबर घरात शिरतं. म्हातारी मोळी घेऊन पानाबाहेर चालती होते. तिची चूल दिसत नाही. त्या आंघोळीचं तिला काय वाटलं, कुणी विचारत नाही. आमची आजी तीच की! मला तिच्या मागं जायचं होतं. पुस्तकानं जाऊ दिलं नाही.

तिच्या मागं गेल्या त्या बेबीताई कांबळे. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून आलं. फलटणला दुकान चालवता चालवता त्यांनी हे लिहिलं आणि कैक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. का लपवलं, ते वाचल्यावर कळतं. गावानं महारवाड्याचं काय केलं हे त्या सांगतातच. पण महारवाड्यात सासरच्यांनी सुनेच्या पायात खोडा घातला, नाक कापलं, तेही सांगतात. इथं आपले काही मित्र चुळबुळतात. म्हणतात, हे आपलं आपल्यात ठेवायला हवं होतं. का बुवा? बामणाच्या आंघोळीवर बोट ठेवायचं आणि आपल्या खोड्यावर पदर ओढायचा? मग सुनेनं कुठल्या मासिकाकडं जावं?

'कोसला' (१९६३) वाचताना आधी रागच आला. बापाच्या पैशावर पुण्यात राहायचं, वर कंटाळायचं! आम्हाला कंटाळायला सुट्टी लागते. पण धाकटी मनी देवीनं मरते तिथं पान उलटवेना. दुःखात लेखक खोटं बोलत नाही.

अण्णाभाऊंचा 'फकिरा' (१९५९) एका रात्रीत संपवला. अण्णाभाऊंनी तो बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलाय. विद्वान म्हणतात, नायक फार धुतलेला आहे. आहे, खरंय. पण दुष्काळात मांगवाड्यासाठी धान्य लुटणारा माणूस दुसऱ्या कुणी नायक केला होता?

राहिला 'गोलपिठा' (१९७२). प्रस्तावनेत तेंडुलकर शब्दांचे अर्थ विचारत बसलेत. मला शब्द अडले नाहीत, मला धाव अडली. ओळ एका गल्लीतून शिरते, निघते भलतीकडून, आणि मी मागं धापा टाकत. काही कविता अजून लागल्या नाहीत. पुन्हा घेतल्यात वाचायला. पण पुस्तक उसनं आहे आणि मालकानं दोनदा निरोप धाडलाय.