ठेवा आणि ठेव : दफनभूमीतील एका खेळाविषयी

दफनभूमीत खेळ खेळावा काय, असे कोणी विचारले तर आपणांपैकी बहुतेक धर्मगुरू व धर्मशिक्षक तत्काळ नकारार्थी उत्तर देतील. प्रस्तुत लेखकाचेही प्रथम मत तेच होते. परंतु जिओकॅशिंग हा खेळ आणि डॅनियल बून या अमेरिकन सीमान्त-वीराची थडगी यांचा एकत्र विचार करू लागल्यावर ते मत जसेच्या तसे टिकले नाही. 'थडगी' हे अनेकवचन हेतुतः योजिले आहे. त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम खेळाविषयी. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणाऱ्या अमेरिकन यंत्रणेच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता मे २००० च्या आरंभी दूर करण्यात आली. लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात एका गृहस्थाने रानात एक बादली लपविली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेथून हा ठेवाशोधाचा खेळ जगभर पसरला. भारतातही तो खेळला जातो. लपविलेल्या डब्यात एक नोंदवही व काही किरकोळ वस्तू असतात. शोधणाऱ्याने वहीत नाव लिहावे, एखादी वस्तू घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी आणि डबा जागच्या जागी परत ठेवावा. डबा पुरण्यासाठी जमीन उकरू नये, जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, असे नियम आहेत. जुन्या दफनभूमींत पुष्कळदा आत डबा नसतोच. थडग्यांवरील साले वाचून गणित करावयाचे आणि त्यातून कुंपणाबाहेरील डब्याचा ठावठिकाणा काढावयाचा, अशी योजना असते.

तरीही आक्षेप उठलेच. साउथ कॅरोलायना राज्याच्या प्रतिनिधिगृहाने २००५ साली दफनभूमींतील या खेळावर निर्बंध घालणारे विधेयक संमत केले. त्याचा कायदा झाला नाही. पण त्यामागील भावना आपणांस सहज समजण्यासारखी आहे.

आता बूनविषयी. १७३४ साली पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या या शिकाऱ्याने १७७५ साली डोंगर ओलांडून केंटकीत जाणारी वाट पाडली आणि तिच्यावरून गोऱ्या वसाहतकारांची रीघ लागली. त्याच प्रदेशात शॉनी लोक शिकार करीत. त्यांच्याशी झालेल्या झगड्यांत बूनचे दोन पुत्र मारले गेले. १८२० साली मिसूरीत त्याचे निधन झाले. पत्नी रिबेका १८१३ सालीच निवर्तली होती. मार्थासव्हिलजवळच्या लहानशा कौटुंबिक दफनभूमीत त्याला तिच्याशेजारी ठेवण्यात आले.

पंचवीस वर्षांनी, १८४५ साली, केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथील मंडळींनी उभयतांच्या अस्थी उकरून तिकडे नेल्या. तेथे नवीनच दफनभूमी स्थापन झाली होती आणि तिला एका थोर पुरुषाची कबर हवी होती. मिसूरीतील लोक तेव्हापासून म्हणत आले आहेत की, बूनच्या अस्थी मूळ जागीच राहिल्या. चुकीची कबर उकरली गेली. १८४५ मध्ये घेतलेल्या कवटीच्या साच्याची १९८३ साली तपासणी करून एका मानववंशशास्त्रज्ञाने ती कवटी कृष्णवर्णीय पुरुषाची असू शकेल असे मत दिले. केवळ साच्यावरून असा निर्णय करता येत नाही, असे इतरांचे म्हणणे. वाद मिटलेला नाही. आज दोन्ही ठिकाणी बूनच्या नावाच्या शिळा उभ्या आहेत.

येथे विचारी वाचकाने थांबावे. अक्षांश-रेखांश हाती घेऊन थडगे 'शोधणाऱ्या' तरुणास आपण दोष देतो. पण कुदळ घेऊन थडगे उकरणारे लोक प्रतिष्ठित नागरिक होते, आणि त्यांनी ते समारंभपूर्वक केले. योसेफाच्या अस्थी मिसर देशातून नेण्यात आल्या, त्या त्याने स्वतः शपथ घालून ठेवल्यामुळे. फ्रँकफर्टच्या मंडळींनी मृताची इच्छा पाहिली नाही. नगराचा मान पाहिला. संदेष्ट्यांची थडगी शृंगारणाऱ्यांना प्रभूने जे खडे बोल सुनावले, ते अशा भक्तीलाही लागू पडतात. मृत माणसाला आपल्या प्रयोजनाचे साधन बनविणे हा खरा दोष होय. तो खेळात घडू शकतो, तसाच स्मारकातही घडतो.

म्हणून खेळ निर्दोष ठरतो, असे नव्हे. त्याचे वैगुण्य नोंदवहीत आहे. शोधणारा तेथे स्वतःचे नाव लिहितो आणि पुढच्या ठिकाणी निघतो. ज्याच्या पायथ्याशी तो आला त्याचे नाव त्याच्या ओठांवर येईलच असे नाही. शिवाय अक्षांश-रेखांश ज्यांच्या शिळा आहेत त्यांनाच मिळतात. बून स्वतः दासमालक होता. कदाचित एखादा अनाम दास त्याच्या नावाखाली निजला असेल. ज्यांच्या भूमीवरून ती वाट गेली त्यांच्या किती कबरींना चिन्ह उरले? मोशेची कबर कोणा मनुष्यास ठाऊक नाही, असे शास्त्र सांगते. परंतु देवास ती ठाऊक आहे. ख्रिस्ती माणसाची आशा स्थळाच्या अचूकपणावर उभी नाही. आपल्या विश्वासाचा पाया असलेली कबर तर रिकामीच आहे.

'सिमेटरी' या शब्दाचे ग्रीक मूळ निद्रास्थान असा अर्थ देते, आणि प्राचीन ख्रिस्ती लोक दफनास लॅटिनमध्ये 'ठेव ठेवणे' अशा अर्थाचा शब्द वापरीत. ठेवा ज्याला सापडेल त्याचा. ठेव मात्र ज्याची त्याला परत द्यावयाची असते. पुनरुत्थानाच्या दिवशी धनी ती मागणार आहे. दफनभूमीचे रक्षक या नात्याने आपण तिचे मालक नसून राखणदार आहोत.

तेव्हा उद्या एखादा तरुण मोबाईल हाती धरून आपल्या दफनभूमीच्या फाटकाशी उभा राहिला तर काय करावे? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याला हाकलू नये. आत डबा ठेवू देऊ नये, दफनविधी चालू असता आत सोडू नये आणि थडग्यांना हात लावू देऊ नये. पण शिळा वाचणार असेल तर त्याला वाचू द्यावे. आपले किती विश्वासी सर्व मृतांच्या स्मरणदिनाखेरीज तेथे पाऊल टाकतात, आणि आपल्या कुटुंबाबाहेरचे एक तरी नाव वाचतात? अशा तरुणाबरोबर धर्मशिक्षकाने दहा पावले चालावे, ज्या मातीवर शिळा नाही ती जागाही त्याला दाखवावी, आणि तेथे उभे राहून त्याच्यासह एक प्रार्थना म्हणावी. त्या जागेचा आकडा त्याच्या यंत्रात नसेल. तेथपर्यंत त्याला नेणे हे आपले काम आहे.