‘उद्या जाणारा’ : तमिळ व मराठी संतचरित्रांतील व्यवसायप्रतिष्ठा

कुंभकोणमनजीकचे तिरुनागेश्वरम् आज राहूच्या उपासनेसाठी प्रसिद्ध आहे. तमिळ वाङ्मयेतिहासात मात्र या क्षेत्राचे नाव सेक्किळार या कवीशी जोडलेले आहे. सेक्किळार हा बाराव्या शतकातील दुसऱ्या कुलोत्तुंग चोळाचा मंत्री. येथील नागनाथस्वामीवरील श्रद्धेपोटी त्याने चेन्नईजवळील कुन्ऱत्तूर या आपल्या गावी याच नावाचे मंदिर उभारले, असे परंपरा सांगते. त्याच्या ‘पेरिय पुराणम्’मध्ये ६३ शैव संतांची, म्हणजे नायन्मारांची, चरित्रे आहेत. त्यांत राजे व ब्राह्मण आहेत. तसेच कुंभार, कोळी, परीट, विणकर, तेली, गुराखी आणि शिकारीही आहेत. राज्यकारभार पाहणाऱ्या कवीने इतरांच्या व्यवसायांकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हा प्रश्न मराठी संतसाहित्याच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा वाटावा असा आहे.

सेक्किळारच्या दृष्टीने व्यवसाय ही केवळ ओळखीची खूण नाही. भक्तीची कसोटी व्यवसायातच लागते. कांचीचा परीट तिरुक्कुरिप्पु तोंडर शिवभक्ताचे वस्त्र संध्याकाळपूर्वी धुऊन वाळवून देण्याचा शब्द देतो. पाऊस थांबत नाही, शब्द मोडतो, आणि तो धुण्याच्या दगडावर डोके आपटू लागतो. तेव्हा ईश्वराचा हात त्याला सावरतो. नागपट्टिणमचा कोळी अदिपत्त रोज जाळ्यात येणारा एक मासा शिवाला अर्पण करतो आणि उपासमारीच्या दिवसांत एकच सुवर्णमत्स्य मिळाला असता तोही समुद्रात सोडतो. दोघेही धंदा सोडून भक्त होत नाहीत. त्यांचे कौशल्य, त्यांचा शब्द आणि त्यांची अवजारे यांतूनच कथेची रचना होते.

मराठीत याच जाणिवेचा आविष्कार वेगळ्या रूपाने होतो. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार यांच्या नावे असलेल्या अभंगांत व्यवसायाची परिभाषा स्वतः व्यावसायिकच वापरतो. अरणच्या मळ्यात सावत्याला विठ्ठल भाजीपाल्यात भेटतो. सेन्याची हत्यारे आध्यात्मिक अर्थ धारण करतात. तमिळ काव्यात इतरांच्या कामाविषयीचा आदर आहे, तर मराठी अभंगात स्वतःच्या कामाविषयीचा आत्मविश्वास आहे. सेक्किळारशी खरे साम्य दिसते ते महिपतींचे. ताहराबादच्या कुलकर्णी घराण्यातील या चरित्रकाराने ‘भक्तविजय’ (१७६२) मध्ये कारागीर संतांची चरित्रे अशाच बाहेरून, पण आस्थेने लिहिली.

या आदराची मर्यादा मात्र दोन्ही परंपरांत एकाच ठिकाणी उघड होते. आदनूरचा नंदनार मंदिरांतील वाद्यांसाठी कातडे व तंतू पुरवतो. त्याचे कातडे मंदिरात वाजते. तो स्वतः बाहेर उभा राहतो. चिदंबरम् येथे त्याला अग्नीतून जावे लागते आणि तो ब्राह्मणरूपाने बाहेर येतो. अर्थात त्याच्या कामाला प्रवेश आहे. पण त्या देहाने त्याला नाही. चोखामेळा पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिला आणि परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली मृत्यू पावला. ज्या गावकुसाबाहेर त्याच्या जातीला राहावे लागे, तेच बांधणे त्याच्या वाट्याला आले होते. काम पवित्र मानले म्हणजे काम करणाऱ्याला माणूस मानले, असे होत नाही.

नंदनाराचे तमिळ नाव ‘तिरुनाळैप्पोवार’, म्हणजे ‘उद्या जाणारा’. सेक्किळारच्या काव्यात चिदंबरमला जाणे लांबते, ते आपल्या जन्माविषयीच्या त्याच्याच संकोचामुळे. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती यांनी ‘नंदनार चरित्रम्’ रचले, तेव्हा त्यांनी या कथेत एक नवे पात्र आणले : नंदनाचा ब्राह्मण जमीनदार. आता ‘उद्या’चे कारण बदलते. मालक रजा देत नाही. शेतीचे अशक्यप्राय काम पुरे करून मग जा, असे तो सांगतो. संकोच हा स्वभावाचा न राहता श्रमसंबंधाचा भाग होतो. तंजावरच्या मराठी राजवटीने (१६७६–१८५५) ज्या प्रदेशात मराठी कीर्तन रुजवले, त्याच प्रदेशातील ही रचना आहे. पुढे मराठी कीर्तनाच्या संस्कारातून घडलेल्या तमिळ कथाकालक्षेपातही ती लोकप्रिय झाली. मराठी अभ्यासकाने तिची दखल घेण्यास हेही एक कारण आहे.

भारतींनी केलेला बदल मूळ कथेतील उणीव दाखवून देतो. परीट, कोळी, माळी, कुंभार यांपैकी कोणीही आपला व्यवसाय निवडलेला नाही. बाराव्या शतकातच कल्याणच्या शरणांनी ‘कायक’ या संकल्पनेने श्रमाला पूजेचे स्थान दिले. तरी सभोवतालच्या समाजात व्यवसाय जन्माने ठरण्याची रूढी पुढेही टिकून राहिली. दुसऱ्याच्या व्यवसायाचा आदर पूर्ण केव्हा होतो? तो व्यवसाय करण्याइतकेच तो सोडण्याचे, दुसरा निवडण्याचे स्वातंत्र्य मान्य केले जाते तेव्हा. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे शीर्षकच वंशपरंपरागत कामाच्या मोबदल्याकडे बोट दाखवते. अभंगातील प्रथमपुरुषी स्वर आणि नंदनाने मागितलेली रजा, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र येतात. संतचरित्रांतील कारागिरांचा गौरव वाचताना म्हणूनच दोन प्रश्न सोबत असावेत : हा गौरव कोणाच्या मुखातून होतो आहे, आणि गौरविलेल्या माणसाला उद्या कोठे जाण्याची मुभा आहे?